हातून सुटल्यावर फळी काय करते?

या महिन्यात लाकूडकामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं भेटवस्तूंबद्दल आहेत. ट्रे, खेळण्यातली गाडी, फोटोची चौकट, चिरायची फळी. स्वतःसाठी केलेल्या स्टुलाचा पाय डगमगला तर आपण त्याखाली कागदाची घडी सरकवतो आणि कामाला लागतो. दुसऱ्याला दिलेली वस्तू नजरेआड जाते. तिथे ती उन्हात राहील, ओल्या फडक्यानं पुसली जाईल, एखादं मूल ती तोंडात घालेल. म्हणून कुणाला काही करून द्यायचं ठरलं की मी हत्यार उचलण्याआधी हाच विचार करत बसते, की माझ्या हातून सुटल्यावर हिचं पुढे काय होणार?

मी पेशानं सुतार नाही. आयुष्यभर प्रयोगशाळेत मोजमापं घेण्याची नोकरी केली आणि गेली एकवीस वर्षं घराच्या मागच्या खोलीत लाकूडकाम करते आहे. केलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत आहे, आणि यातली बरीच उत्तरं त्या वहीतूनच आली आहेत.

प्रश्न: ताई, बहिणीच्या नव्या घरासाठी सागवानाचा ट्रे केला. तळाची फळी एकसंध, २८० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड. चारही बाजूंच्या पट्ट्यांना भरपूर गोंद लावून, वर बारीक खिळे मारून ती पक्की बसवली. पाच महिन्यांनी बहिणीनं फोटो पाठवला. तळाला मधोमध उभी भेग पडली आहे. लाकूड खराब निघालं का? की गोंद कमी पडला?

लाकूड चांगलं होतं आणि गोंदही कमी नव्हता. फळी चारही बाजूंनी जखडली गेली, म्हणून ती फाटली.

लाकूड म्हणजे लांब, पोकळ पेशींची जुडी. ओल्या लाकडात आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं, तोवर आकार बदलत नाही. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की पेशींच्या भिंतींमधलं पाणी निघू लागतं आणि तिथून लाकूड आकसायला लागतं. ओल्यापासून पूर्ण सुक्यापर्यंत बहुतेक लाकडं लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतात. खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत सरासरी ४ टक्के, आणि वलयांच्या कडेकडेनं सरासरी ८ टक्के. सागवान याहून कमी आकसतं, म्हणूनच त्याचं इतकं नाव आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि हा खेळ लाकूड सुकलं की संपत नाही. हवा दमट झाली की फळी पाणी ओढून घेते, कोरडी झाली की सोडते. फळी शंभर वर्षांची जुनी असली तरी हे चालूच राहतं.

माझ्या कामाच्या खोलीत सागवानाची ३०० मिलिमीटर रुंदीची एक फळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तिला कसलंही पॉलिश नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिची रुंदी व्हर्नियरनं मोजते, पेन्सिलीनं खूण केलेल्या त्याच जागी. सगळ्यात दमट आणि सगळ्यात कोरड्या महिन्यांत जवळजवळ ३ मिलिमीटरचा फरक पडतो. तिची लांबी मात्र ९०० मिलिमीटर आहे, आणि ती हललेली मला इतक्या वर्षांत एकदाही दिसली नाही. तुमच्या ट्रेमध्ये नेमकं हेच आडवं आलं. आखूड बाजूंच्या पट्ट्या स्वतःच्या लांबीत हलत नाहीत, तळाची फळी रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर आत यायला बघत होती, आणि गोंद तिला सोडत नव्हता. मग जिथे सर्वांत अशक्त जागा सापडली तिथून ती सुटली.

मी स्वतः ही चूक उलट्या बाजूनं केली आहे. एका मैत्रिणीला दागिन्यांची पेटी करून दिली होती. झाकणाची फळी चौकटीत चारही बाजूंनी चिकटवलेली, आणि काम सगळं कोरड्या महिन्यांत झालेलं. दमट हवेत झाकण फुगलं आणि त्यानं चौकटीचे कोपरेच ढकलून उघडले. तिनं मला कधी सांगितलं नाही. तीन वर्षांनी तिच्या घरी गेले तेव्हा पेटी कपाटात दिसली, झाकणाभोवती रिबीन बांधून नीट सांभाळून ठेवलेली. ती मी परत आणली, चौकट सोडवली, झाकण नव्यानं बसवलं. तेव्हापासून चौकटीतली फळी मी कधीही चारही बाजूंनी चिकटवलेली नाही.

आता पुढच्या ट्रेसाठी. बाजूच्या पट्ट्यांना आतून ४ ते ५ मिलिमीटर खोल खाच करा आणि तळाची फळी त्यात नुसती सरकवा. गोंद लावायचाच असेल तर दोन्ही आखूड बाजूंना फक्त मध्यावर, बोटभर जागेत. त्यामुळे फळी मध्यावर धरलेली राहते आणि दोन्ही कडांना मोकळेपणी सरकते. काम कोरड्या महिन्यांत करत असाल तर खाचेत दोन्ही कडा मिळून तीनेक मिलिमीटर जागा सोडा. दमट महिन्यांत करत असाल तर फळी जवळजवळ टेकवून बसवली तरी चालेल, कारण यापुढे ती आतच येणार आहे. आणखी एक गोष्ट बहुतेकांची राहून जाते. फळीला पॉलिश किंवा रंग ती खाचेत बसवण्याआधी करा. नाहीतर कोरड्या महिन्यांत फळी आत सरकते आणि कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. पॉलिश दोन्ही अंगांना सारखंच हवं, एकाच अंगाला केलं तर फळीला बाक येतो. पॉलिश केल्यानं लाकूड हलायचं थांबेल असं समजू नका. त्यानं फक्त वेग कमी होतो.

हे सगळं नको असेल तर तळाला प्लायवूड घाला. त्याचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात म्हणून ते जवळजवळ हलत नाही, आणि मग चारही बाजूंनी चिकटवायला हरकत नाही. ट्रेसाठी प्लायवूड वापरण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

बहिणीकडचा ट्रे परत मागवा. भेगेत गोंद आणि भुसा भरू नका. हवा दमट झाली की फळी पुन्हा फुगेल, भेग बंद व्हायला जागा नसेल आणि मग कोपऱ्यांचे सांधे उघडतील. खिळे काढा, तळ सोडवा, भेगेच्या दोन्ही कडा रंध्यानं सरळ करून एकमेकींना चिकटवा, आणि मग फळी खाचेत मोकळी बसवा. रुंदी थोडी कमी होईल, तेवढी जागा खाच भरून काढेल.

जाड फळीच्या टोकाला पडलेल्या भेगेचं वेगळं. ती लपवायची गरज नसते. जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) भेगा, गाठी आणि झाडाची मूळ कड तशीच ठेवत. भेग पुढे सरकू नये म्हणून तिच्यावर आडवी फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी बसवत. चावीच्या लाकडाच्या रेषा भेगेला आडव्या गेल्या पाहिजेत, भेगेच्या दिशेनं ठेवल्या तर चावीच तुटते. पण हा उपाय जाड फळीसाठी आहे, ८ मिलिमीटरच्या तळासाठी नाही.

प्रश्न: मी अडुसष्ट वर्षांचा आहे. सव्वा वर्षाच्या नातवासाठी लाकडी गाडी करतो आहे. चाकं २५ मिलिमीटर व्यासाची कापली आहेत. घरातल्या जुन्या दाराचं लाकूड आहे, त्यावर हिरवा रंग आहे, तो घासून काढीन. पुढे ओढायला दोरी लावायचा विचार आहे. रंग कोणता द्यावा?

काका, रंगाचं नंतर सांगते. आधी ती चाकं बाजूला ठेवा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना एक ठरावीक नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळण्याचा जो सुटा भाग, किंवा सुटू शकणारा भाग, या नळीत न दाबता पूर्ण मावतो तो मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून तो चालत नाही. तुमचं चाक त्यात सहज मावेल. चाकं ४५ ते ५० मिलिमीटरची करा. चाक आणि आस यांचा सांधा गोंदानं पक्का करा, आस गाडीच्या पोटातल्या भोकात फिरू द्या. गोंद चोवीस तास वाळल्यावर चाक दोन्ही हातांनी धरून जोर लावून ओढा. मग गाडी छातीच्या उंचीवरून जमिनीवर चार-पाच वेळा टाका. तुमच्या हातून जे सुटेल ते तुमच्यासमोरच सुटलेलं बरं. दोरी सध्या नकोच. या वयाच्या मुलाच्या गळ्याभोवती दोरी अडकायला क्षणही लागत नाही. ढकलायची गाडी त्याला तितकीच आवडेल.

दाराचं लाकूडही नको. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. तुमच्या दारावरच्या रंगात ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि तो रंग घासला की शिशाची धूळ घरभर उडते. लहान मुलाला ती फार थोडीही अपायकारक. घासायला सुरुवात केली असेल तर थांबा, ती जागा झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. गाडीसाठी नवं, कोरं, घट्ट पोताचं लाकूड घ्या, ज्याची कुसळं निघत नाहीत. कोणत्या झाडाचं आहे हे माहीत नसलेलं लाकूड मुलाच्या खेळण्याला वापरू नका. एमडीएफही (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नको, ते ओलं झालं की फुगून सुटतं, आणि मूल ते चघळणारच.

रंग द्यायचाच असेल तर ज्याच्या डब्यावर खेळण्यांसाठी सुरक्षित म्हणून आयएसओ ८१२४-३ किंवा ईएन ७१-३ या मानकाचा उल्लेख आहे तोच घ्या. माझं मत विचाराल तर रंग देऊच नका. सगळ्या कडा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत गोल करा, ओल्या फडक्यानं एकदा पुसा, वर आलेले तंतू वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच काढा, आणि कोरीच गाडी द्या. माझ्या भाचीला दिलेली अशी एक कोरी गाडी आता तिच्या मुलाकडे आहे. हातांनी ती इतकी गुळगुळीत झाली आहे की कुठलंही पॉलिश लाजेल.

प्रश्न: चिरायची फळी भेट द्यायची आहे. स्वयंपाकघरातलंच तेल लावलं तर चालेल ना? खाण्याचंच आहे.

खाण्याचं असतं म्हणूनच नको. स्वयंपाकाची बहुतेक तेलं लाकडात वाळत नाहीत, नुसती मुरून राहतात आणि काही महिन्यांत खवट होतात. फळीला वास यायला लागतो आणि तो जात नाही. औषधांच्या दुकानात मिळणारं शुद्ध लिक्विड पॅराफिन घ्या. ते खवट होत नाही. चार भाग ते आणि एक भाग मेण, मधमाश्यांचं, असं गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट आगीवर कधीही नको. फळीला आधी नुसतं लिक्विड पॅराफिन तीन-चार वेळा पाजा, रात्रभर ठेवा, पुसा, मग हे मिश्रण लावा. भेटीसोबत एक छोटी डबी भरून द्या आणि दोन ओळी लिहा: पाण्यात भिजत ठेवू नये, धुतल्यावर उभी करून वाळवावी, कोरडी दिसली की यातलं थोडं चोळावं. या दोन ओळी नसतील तर फळी वर्षभरात वाकेल आणि घेणाऱ्याला वाटेल की त्याचंच काहीतरी चुकलं.

जवसाचं तेल वाळतं, आणि पुष्कळ जण ते शोभेच्या वस्तूंना लावतात. मीही लावते. पण त्याबद्दल एक गोष्ट मी दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी लिहीत राहीन. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्यातून उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, गोळा केलेल्या फडक्यात साठत राहते, आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ठिणगीची, काडीची कशाचीच गरज नसते. काम झालं की फडकं मोकळ्या हवेत एकेरी पसरून दगडावर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. रात्री दिवा मालवण्याआधी मी अजूनही एकदा परत जाऊन बघते.

प्रश्न: फोटोच्या चौकटीचे तीन कोपरे नीट जुळतात, चौथा हमखास उघडा राहतो. ४५ अंश अचूक कापूनही.

अंशांवर फार लक्ष जातं आणि लांबी निसटते. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांची लांबी अगदी सारखी नसेल तर कोन कितीही अचूक असले तरी चौकट मिटत नाही. पट्ट्या जोडीजोडीनं कापा. एक कापली की दुसरी तिच्याशेजारी पाठीला पाठ लावून उभी करा आणि टोकांवरून नख फिरवा. नखाला जे कळतं ते मोजपट्टीला कळत नाही. कापताना टोकाला एक ठोकळा पक्का करून ठेवलात तर दोन्ही आपोआप सारख्या येतात. कोनात थोडी चूक असेल तर ती आठ काप मिळून वाढत जाते: प्रत्येक कापात अर्धा अंश, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट. म्हणून ती चौथ्या कोपऱ्यातच दिसते. चूक तिथली नसते.

शिवाय या सांध्यात लाकडाची तुटकी टोकं एकमेकांना चिकटवतो आपण, आणि तुटक्या टोकातली उघडी छिद्रं गोंद पिऊन टाकतात. आधी पातळ गोंदाचा एक हात देऊन दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा गोंद लावून आवळा. आणि वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात बाहेरून करवतीची एक आडवी खाच घेऊन त्यात लाकडाची पातळ चिप चिकटवा. गडद चौकटीत फिकट चिप फार सुंदर दिसते, आणि चौकट भिंतीवरून पडली तरी कोपरा सुटत नाही.

प्रश्न: मालवाहतुकीच्या फेकून दिलेल्या लाकडी पॅलेटपासून भिंतीवरची फळी करायची आहे. घरात चालेल का?

शिक्का बघा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर एका नियमाप्रमाणे कीडनाशाची पद्धत छापलेली असते. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं. ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेलं. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर कसलातरी डाग किंवा वास असेल, तरी सोडून द्या. त्या पॅलेटवरून काय काय वाहिलं गेलं ते कुणीच सांगू शकत नाही.

प्रश्न: लाकडावर विजेच्या झटक्यानं झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटवतात, त्याचे व्हिडिओ पाहिले. जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे आहे. मिठाचं पाणी किती घ्यावं?

पाणी घेऊ नका. तो ट्रान्सफॉर्मर आज परत उघडू नका.

त्यातून सुमारे २,००० व्होल्ट बाहेर पडतात, आणि एक चुकीचा स्पर्श पुरतो. हातमोजे घालून, बूट घालून, काळजी घेऊन हे करणारी माणसं गेली आहेत, त्यांत अनेक वर्षांचे अनुभवी लोकही होते. लेथवर काम करणाऱ्यांची संस्था, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स, आपल्या कुठल्याही कार्यक्रमात हे करू देत नाही. हत्यारांतला धोका मी रोज पत्करते, पण पटाशी निसटली तर बोटाला टाके पडतात. इथे दुसरी संधीच नसते. तशीच नक्षी तापलेल्या टोकाच्या लेखणीनं हातानं काढता येते. वेळ लागेल, एका फांदीला अर्धा तास जाईल. तुम्ही ज्यांना ती भेट देणार आहात त्यांना तुम्ही हवे आहात. मला उलट टपाली कळवा की तुम्ही तो ट्रान्सफॉर्मर मोडीत दिला.

प्रश्न: छोट्या घरात पॉलिश पेपर मारताना मास्क खरंच लागतो का? लाकूड तर नैसर्गिक असतं.

लागतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे, पहिल्या गटात. डोळ्यांना दिसते ती धूळ खाली बसते, न दिसणारी तासन्‌तास हवेत राहते. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ मास्क घाला, काम संपल्यावरही निदान अर्धा तास काढू नका, आणि खोली झाडू नका, पुसा. शक्य तिथे पॉलिश पेपरऐवजी रंधा वापरा. रंध्यातून धूळ निघत नाही, पापुद्रे निघतात.

प्रश्न: ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. बाबा गेल्याला दीड वर्ष झालं. त्यांच्या हत्यारांची पेटी परवा उघडली. एक रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि एक छोटी करवत. सगळ्यांवर गंज चढला आहे. रंध्याच्या पात्याला एका ठिकाणी खाच पडली आहे. मला यातलं काहीच येत नाही, पण याच हत्यारांनी आईसाठी काहीतरी करायचं आहे. कुठून सुरू करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिलं सांगते, मुठी घासू नका. रंध्याची मूठ आणि पटाशीचा दांडा जिथे काळसर, चकचकीत झालेला दिसतो तिथे बाबांचा हात बसायचा. कोरड्या फडक्यानं पुसा, जवसाच्या तेलाचा एक थेंब चोळा, बस्स. फडक्याचं वर लिहिलं आहे ते लक्षात ठेवा.

गंज फक्त लोखंडावरून काढायचा आहे. वरवरचा असेल तर थोडं यंत्राचं तेल आणि बारीक स्टील वूल पुरेल. खोल असेल तर पातं सुटं करून रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवा. सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल, लगेच पूर्ण कोरडं करा आणि तेलाचा हात द्या. कोरडं करायला उशीर केलात तर अर्ध्या तासात नवा गंज दिसायला लागतो. पटाशी व्हिनेगरमध्ये ठेवताना लाकडी दांडा वर राहील असं बघा.

मग धार. दगड विकत घ्यायची घाई नको. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, कडा घासलेला, त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा: ४००, मग १०००, मग २०००. आधी पात्याची सपाट पाठ घासा, टोकाजवळची निदान दोन बोटं आरशासारखी होईपर्यंत. धारेची अर्धी किंमत त्या पाठीत असते आणि नवशिके तिकडे बघतही नाहीत. मग उतरती बाजू २५ अंशांवर घासा. पाठीमागे बोट फिरवलं की धारेवर लोखंडाचा बारीक ओठ जाणवेल. तो संपूर्ण रुंदीभर आला की त्या कागदाचं काम झालं. शेवटी कोन ३० अंशांच्या आसपास किंचित वाढवून दोन-चार हात द्या आणि पाठ एकदा सपाट घासून तो ओठ काढा. मऊ लाकडाचं तुटकं टोक कापून बघा. चुरा न होता काचेसारखा काप आला तर धार लागली.

आता करायचं काय. १८६५ मध्ये फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांनी शाळेत हस्तकौशल्याचं शिक्षण सुरू केलं, ‘स्लॉइड’ म्हणतात त्याला. पुढे स्वीडनमधल्या नॅस इथे ऑटो सालोमन यांनी ते जगभरच्या शिक्षकांना शिकवलं. त्यांचा एक आग्रह मला फार पटतो. मुलानं सरावासाठी नुसते सांधे कापत बसायचं नाही, पहिल्या दिवसापासून घरात वापरली जाईल अशी पूर्ण वस्तू करायची. सोपी असली तरी पूर्ण. तुम्हीही सराव करत बसू नका.

आई घरात आल्यावर किल्ल्या कुठे ठेवते ते चार दिवस बघा. चष्मा कुठे शोधते ते बघा. मग ४०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि २० जाड अशी एकच फळी घ्या, गाठ नसलेली, आणि तिच्यावर तीन खुंट्या बसवा. एवढंच काम, आणि पेटीतली सगळी हत्यारं त्यात लागतात. करवतीनं लांबी, गुण्यानं काटकोन, पटाशीनं कडांचा उतार, रंध्यानं पृष्ठभाग. फक्त भोकांसाठी ड्रिल कुणाकडून तरी मागून आणा. भोकं खुंटीचं टोक किंचित वर राहील अशी, पाचेक अंश तिरकी घ्या, म्हणजे किल्ल्या घसरणार नाहीत. भिंतीच्या दोन स्क्रूंपैकी एकाचं भोक गोल ठेवा आणि दुसऱ्याचं आडवं लांबट, म्हणजे भिंतीतल्या दोन भोकांमधलं अंतर किंचित चुकलं तरी दोन्ही स्क्रू नीट बसतील.

फळीवरच्या रेषा कुठल्या दिशेनं वर येतात ते बघून रंधा त्या दिशेनं चालवा. लाकूड उपटलं जात असेल तर फळी फिरवून घ्या. सुरुवातीला रंधा अडेल, उड्या मारेल. पातं आत घ्या, इतकं आत की काहीच निघणार नाही, आणि मग केसभर केसभर बाहेर काढत जा. एका क्षणी आवाज बदलेल आणि लांब, सलग, अंगठ्याखाली पारदर्शक दिसेल असा पापुद्रा वर येईल. त्या पृष्ठभागाला पॉलिश पेपर लावू नका, रंध्यानं कापलेल्या लाकडाला जी चमक असते ती घासल्यावर राहत नाही. मेणाचा एक हात पुरे. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लाकडाचं नाव, तारीख, मेण लावलं आहे हे, आणि रंधा कुणाचा ते लिहा. पुढे कधी कुणाला ती दुरुस्त करावी लागली तर त्याला ते कळलेलं बरं.

पात्यावरची खाच पूर्ण घासून काढायला दिवस जाईल आणि पातंही बरंच झिजेल. ती खोल नसेल तर राहू द्या. जिथे खाच आहे तिथे लाकूड कापलं जात नाही, म्हणून प्रत्येक हाताबरोबर फळीवर केसाएवढी एक उंच रेघ उमटेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. बाबांनी शेवटची फळी रंधली असेल तिच्यावरही ती असणार. आईला बोट फिरवून बघू दे.